मळणीला बैल दावणीला: वॉशिंग्टन नॅशनल्सचं २०१२ चं पिचिंग

७ सप्टेंबर २०१२ चं माझ्या स्कोअरबुकातलं पान अर्धवट आहे. वॉशिंग्टन नॅशनल्स विरुद्ध मायामी मार्लिन्स. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, रकान्यात पेन्सिलीनं लिहिलंय: स्ट्रासबर्ग, ३ इनिंग, ६ हिट, ३ वॉक, ५ धावा. खाली दुसऱ्यांची नावं आहेत, पण ती मी नीट भरलेली नाहीत. वैतागून वही मिटली असणार. दुसऱ्या दिवशी क्लबनं जाहीर केलं की हा मुलगा आता या वर्षी चेंडू टाकणार नाही. संघ तेव्हा अख्ख्या बेसबॉलमधल्या सर्वोत्तम संघांत होता आणि प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरचे किताबाचे सामने, चार आठवड्यांवर होते.

त्या निर्णयाचं हे प्रकरण. खेळाडूंची नावं, तारखा आणि आकडे जाहीर आहेत, ते तसेच ठेवलेत. स्टँडमधली आणि घरातली माणसं ओळखू येणार नाहीत इतपत बदलली आहेत.

पार्श्वभूमी

मी व्हर्जिनियात राहतो. नॅशनल्स हा संघ २००५ मध्ये माँट्रियलहून उचलून वॉशिंग्टनला आणला गेला. त्याआधी ३३ वर्षं राजधानीत बेसबॉलच नव्हतं. पहिली काही वर्षं मैदानावर जाणं म्हणजे पिकनिकच. २००८ आणि २००९ या दोन्ही मोसमांत संघानं १६१-१६२ पैकी जेमतेम ५९ सामने जिंकले. आमच्याकडची खरी करमणूक म्हणजे चौथ्या इनिंगच्या मध्यावरची राष्ट्राध्यक्षांची शर्यत. मोठाली डोकी घातलेले वॉशिंग्टन, जेफरसन, लिंकन आणि टेडी रूझवेल्ट मैदानाच्या कडेनं धावायचे आणि टेडी दर वेळी हरायचा.

इतकं हरण्याचा एक फायदा असतो. नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला नंबर मिळतो. २००९ मध्ये तो नंबर स्टीफन स्ट्रासबर्गवर खर्च झाला. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचा पोरगा, चेंडू शंभर मैलांच्या आसपास. करार १.५१ कोटी डॉलरचा, तोवर या निवडीतल्या कुठल्याही नवख्याला एवढे पैसे मिळाले नव्हते. ८ जून २०१० ला पिट्सबर्गविरुद्ध तो पहिल्यांदा माउंडवर उभा राहिला आणि सात इनिंगमध्ये १४ जणांना स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइकवर बाद) करून गेला. वॉक (चार वाईट चेंडू पडले की फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) एकही नाही. शेवटचे सात फलंदाज तर ओळीनं. त्या रात्री मेट्रोत अनोळखी माणसं एकमेकांशी बोलत होती. वॉशिंग्टनच्या मेट्रोत असं होत नाही.

अडीच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, फिलाडेल्फियात एक चेंडू टाकून त्यानं हात झटकला. कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट फाटला होता. सप्टेंबरमध्ये ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया झाली.

ही शस्त्रक्रिया समजून घ्यायला सोपी आहे. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वळवा. मधोमध दोरीसारखं काहीतरी वर येईल. तो एका स्नायूचा टेंडन, आणि त्याच्यावाचून हाताचं फारसं काही अडत नाही. काहींना तो जन्मतःच नसतो; माझ्या डाव्या हाताला नाही. तो टेंडन, किंवा मांडीमागचा एखादा, काढायचा आणि कोपराच्या हाडांना भोकं पाडून फाटलेल्या लिगामेंटच्या जागी ओवायचा. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये हे पहिल्यांदा टॉमी जॉन नावाच्या पिचरवर केलं, आणि तो पुढं १९८९ पर्यंत खेळला. त्या ओवलेल्या दोरीचा लिगामेंट व्हायला वेळ लागतो. पिचर वर्ष-दीड वर्षात परततो, पण परतल्यावरच्या पहिल्या पूर्ण मोसमात त्याला किती वापरायचं याचं नेमकं उत्तर कुणापाशी नसतं.

नॅशनल्सकडे एक ताजं उदाहरण होतं. जॉर्डन झिमरमन. त्याचं ऑपरेशन २००९ मध्ये झालं होतं. २०११ मध्ये त्याला १६१ इनिंगनंतर थांबवलं, आणि २०१२ मध्ये तो ठणठणीत उभा राहिला. (याच संघात रायन झिमरमन नावाचा फलंदाजही होता. इंग्रजीत दोघांच्या नावात एका अक्षराचा फरक, देवनागरीत तोही नाही. पुढं पिचरला जॉर्डनच म्हणतो.)

क्रिकेटवाल्यांसाठी एवढंच: इथं इनिंग म्हणजे डाव नव्हे, तीन आउटचा एक तुकडा. सामन्यात दोन्ही संघांना असे नऊ तुकडे मिळतात. सुरुवात करणारा पिचर पाच-सहा तुकडे टाकतो, मग चार दिवस विश्रांती घेतो. धडधाकट पिचरच्या मोसमात अशा साधारण ३३ पाळ्या आणि २०० च्या आसपास इनिंग होतात.

२०१२ चं पिचिंग बघताना आम्हाला चिमटा काढावासा वाटायचा. ओकलंडहून आणलेला जिओ गोन्झालेझ त्या वर्षी २१ सामने जिंकला. जॉर्डनची सरासरी नऊ इनिंगमागे तीन धावांच्याही खाली. रॉस डेटवायलर आणि एडविन जॅक्सन चौथ्या-पाचव्या जागी. संघाची सरासरी ३.३३, दोन लीगपैकी आमच्या, नॅशनल लीगमध्ये सगळ्यांत कमी. त्यात स्ट्रासबर्ग. तो बॅटिंगही बरी करायचा. तेव्हा या लीगमध्ये पिचरला बॅट धरावीच लागायची, आणि त्या वर्षी पिचरांतल्या सर्वोत्तम फलंदाजाचा मान त्यालाच मिळाला.

अडचण

जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी मोसम सुरू व्हायच्या आधीच सांगितलं होतं की स्ट्रासबर्गच्या इनिंगना मर्यादा असेल. नेमका आकडा त्यांनी कधी उघड केला नाही. पण जॉर्डनचं उदाहरण समोर होतं, त्यामुळं सगळे १६० च धरून चालले. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आदल्या वर्षी संघ ८० सामने जिंकून ८१ हरला होता. असल्या संघाला ऑक्टोबरची काळजी कशाला?

मग संघ जिंकायला लागला. एप्रिलच्या शेवटी १९ वर्षांचा ब्राइस हार्पर आला. जुलैपर्यंत आम्ही गटात वर, आणि तिथंच राहिलो. एप्रिलमध्ये कागदावर शहाणपणाचा वाटलेला आकडा ऑगस्टमध्ये घड्याळासारखा टिकटिकायला लागला. १६० इनिंग सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपणार, प्लेऑफ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार. म्हणजे ज्या महिन्यासाठी सगळा खटाटोप, त्याच महिन्यात हात गुंडाळलेला.

त्या उन्हाळ्यात आई-अप्पा कराडहून सहा महिन्यांसाठी आले होते. अप्पांनी दोन आठवड्यांत खेळ पकडला. पिचरच्या मनगटाकडं बघून हा आत येणार की खाली पडणार हे माझ्याआधी सांगायचे. मर्यादेचा प्रकार मी त्यांना ऑगस्टमध्ये एका रविवारी समजावला. त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं.

“म्हणजे पेरणीला बैल जुंपले, आणि मळणीला दावणीला बांधणार?”

“अप्पा, हात फाटला होता त्याचा. डॉक्टरांचं मत आहे तसं.”

“डॉक्टरांचं बरोबरच असंल. मी म्हणतो, बैल आजारातनं उठलाय हे ठाऊक होतं, तर पेरणीला दुसऱ्याचा आणायचा. मळणी चुकवतं होय कुणी?”

मी तेव्हा रिझोंच्या बाजूचा होतो आणि अप्पांचं बोलणं हसण्यावारी नेलं. या प्रकरणात त्याहून नेमकं दुसरं कुणी काही बोललं नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

समोर कोणते पर्याय होते

मर्यादा सोडून द्यायची आणि टाकू द्यायचं, हा सर्वांत लोकप्रिय पर्याय. स्टँडमध्ये माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ बसायचे. १९७१ मध्ये जुने सेनेटर्स वॉशिंग्टन सोडून गेले, त्या शेवटच्या सामन्याला ते लहानपणी वडिलांबरोबर गेले होते. लोक मैदानात घुसले आणि पंचांनी सामना न्यूयॉर्कला बहाल केला, ती रात्र त्यांनी पाहिलेली. त्यांचं म्हणणं साधं होतं: मला पुढची वर्षं मोजून मिळालीत, त्याच्या हाताची काळजी त्याचा एजंट करेल. एजंट होता स्कॉट बोरास, आणि तो ती करतच होता. सगळं एजंटच्याच इशाऱ्यावर चाललंय असा संशयही लोकांना होता. मला तो पटला नाही. जॉर्डनचा एजंट वेगळा होता, आणि त्यालाही असंच थांबवलं होतं.

शेवटच्या टप्प्यात त्याला बुलपेनमधून (मधेच उतरणारे राखीव पिचर जिथं तयार होतात तिथून) एक-एक इनिंग द्यायचा पर्याय बोलायला छान, करायला धोक्याचा. सुरुवात करणारा पिचर ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, तासभर अंग मोकळं करून उतरतो. बुलपेनमधल्याला फोन वाजला की दहा मिनिटांत उभं राहावं लागतं, कधी सलग दोन दिवस. नुकत्याच शिवलेल्या कोपराला हे मानवेल असं म्हणायला कुणी तयार नव्हतं.

सहा पिचरची पाळी लावायची, म्हणजे प्रत्येकाला एक दिवस जास्त. यात बाकी चौघांची घडी विस्कटते. त्यावर फार चर्चाही झाली नाही.

खरा पर्याय कॅलेंडरचा होता. मोसम उशिरा सुरू करायचा, किंवा मध्ये पंधरा दिवस काढायचे, म्हणजे त्याच १६० इनिंग ऑक्टोबरपर्यंत पुरतील. आमच्याच गटात अटलांटा ब्रेव्ह्जनं काहीसं तसंच केलं. त्यांचा क्रिस मेडलेनही त्याच ऑपरेशनमधून उठला होता, तेही स्ट्रासबर्गच्याच सुमारास, ऑगस्ट २०१० मध्ये. त्यांनी त्याला जुलैअखेरपर्यंत बुलपेनमध्ये थोडं थोडं वापरलं, मग सुरुवातीला आणलं. तो १० विजय, १ पराभव आणि १.५७ च्या सरासरीनं मोसम संपवून प्लेऑफमध्येही उतरला. वर्षभरात एकूण १३८ इनिंग, स्ट्रासबर्गपेक्षा कमीच.

यावर नॅशनल्सची बाजू अशी होती की बऱ्या होणाऱ्या हाताला नियमितपणा लागतो. दर पाच दिवसांनी टाकायचं, मग एकदाच थांबायचं. मध्येच थांबवून पुन्हा सुरू करणं म्हणजे वर्षातून दोनदा इंजिन गार करून तापवणं. या बाजूत दम आहे, नाही असं नाही. पण ती मध्ये थांबवण्याच्या विरोधात जेवढी लागू पडते, तेवढी उशिरा सुरू करण्याच्या विरोधात पडत नाही. एप्रिलऐवजी मेमध्ये सुरू केलं असतं तरी पुढं दर पाच दिवसांनीच टाकायचं होतं.

काय केलं

ठरलं होतं तेच केलं. ५ एप्रिलला शिकागोत मोसमाचा पहिला चेंडूच स्ट्रासबर्गनं टाकला, सात इनिंग, एक धाव. तिथून ७ सप्टेंबरपर्यंत २८ सामने, १५ विजय, ६ पराभव, ३.१६ सरासरी, १९७ स्ट्राइक आउट. एकूण १५९ इनिंग आणि एक आउट.

१२ सप्टेंबरला त्याची अजून एक पाळी ठरली होती. पण मार्लिन्सनी त्याला तीन इनिंगमध्ये धुतलं, आणि तीही रद्द झाली. मॅनेजर डेव्ही जॉन्सन यांनी सांगितलेल्या कारणाचा मथितार्थ असा की या सततच्या चर्चेचा भार त्याच्या मनावर आलाय, आता लांबवण्यात अर्थ नाही. स्ट्रासबर्ग स्वतः नाराज होता आणि त्यानं ते लपवलं नाही.

हा शेवटचा भाग मला आजही खटकतो. एप्रिलमध्येच निर्णय झाला होता, तर तो राबवताना खेळाडू इतका अंधारात कसा? मर्यादा आहे हे जाहीर, आकडा गुलदस्त्यात. त्यामुळं उन्हाळाभर रोज कुणी ना कुणी त्याला तोच प्रश्न विचारत राहिलं. कोपर सांभाळताना डोक्याचा हिशेब राहून गेला.

त्याच्या जागी जॉन लॅनन आला. डावखुरा, शांत, पूर्वी याच संघाची मोसमाची पहिली लढत सुरू करणारा, त्या वर्षी मात्र बहुतेक काळ खालच्या लीगमध्ये सिरॅक्यूसला पाठवलेला. त्यानं आपलं काम चोख केलं. १ ऑक्टोबरला आम्ही गट जिंकला, तोही गमतीनं: स्वतः हरलो, पण अटलांटाही हरले. मोसम ९८ विजयांवर संपला, दोन्ही लीगमध्ये सर्वांत जास्त. अटलांटा ९४ वर. ३ ऑक्टोबरला, साखळीतल्या शेवटच्या सामन्यात, टेडी रूझवेल्ट आयुष्यात पहिल्यांदा शर्यत जिंकला. शेजारच्या गृहस्थांनी टोपी काढून छातीशी धरली. मला वाटलं, आता काहीही होऊ शकतं.

ऑक्टोबरमध्ये काय झालं

समोर सेंट लुइस कार्डिनल्स, आदल्या वर्षीचे विजेते. पाच सामन्यांची मालिका.

पहिल्या सामन्यात गोन्झालेझनं पाच इनिंगमध्ये सात वॉक दिले, हिट फक्त एक. तरी ३-२ असे जिंकलो. दुसऱ्यात जॉर्डन तीन इनिंगमध्ये पाच धावा देऊन बाहेर, सामना ४-१२. तिसरा सामना वॉशिंग्टनमध्ये, बुधवारी दुपारी. राजधानीतला १९३३ नंतरचा पहिला प्लेऑफ सामना. मी आजारपणाची रजा टाकून गेलो. जॅक्सनला पीट कोझ्मानं तीन धावांचा होम रन मारला, आम्ही ०-८ हरलो. स्ट्रासबर्ग डगआउटमध्ये कठड्याला टेकून उभा होता. त्या दुपारी माझ्या आसपासची माणसं खेळापेक्षा त्याच्याकडं जास्त वेळ बघत होती.

चौथ्या सामन्यात डेटवायलरनं सहा इनिंग अप्रतिम टाकल्या, जॉर्डन बुलपेनमधून येऊन तिघांना स्ट्राइक आउट करून गेला, आणि नवव्या इनिंगमध्ये जेसन वर्थनं तेराव्या चेंडूवर होम रन मारून २-१ असा सामना संपवला.

पाचवा सामना, १२ ऑक्टोबर, शुक्रवार रात्र. घरी टीव्हीसमोर मी, अप्पा आणि मुरमुऱ्याचा डबा. तिसरी इनिंग संपेपर्यंत ६-० पुढं. ज्या पिचरला आम्ही झोडलं तो ॲडम वेनराइट, आणि त्याचंही टॉमी जॉन ऑपरेशन २०११ च्या फेब्रुवारीत झालेलं. स्ट्रासबर्गपेक्षाही नंतर. तरी कार्डिनल्सनी त्याला वर्षभर टाकू दिलं होतं, १९८ इनिंग. पण तो ३१ वर्षांचा, आधी अनेक मोसम मुरलेला. अप्पा म्हणाले, “झालं, जिंकला तुमचा संघ,” आणि झोपायला गेले.

गोन्झालेझ पाच इनिंगनंतर थांबला, आणखी चार वॉक देऊन. जॅक्सनला बुलपेनमधून आणलं, एक धाव गेली. मग आमच्या क्लिपर्डला होम रन बसला. नवव्या इनिंगमध्ये आम्ही ७-५ असे पुढं. शेवटची इनिंग टाकणारा आमचा क्लोजर ड्रू स्टोरेन, आदल्या दिवशीही टाकलेला. दोन आउट झाले. त्यांचा मोलिना, दोन स्ट्राइक, एक हवा होता. वॉक. फ्रीज, दोन स्ट्राइक, पुन्हा एक हवा होता. वॉक. मग डेस्काल्सोचा फटका शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हला लागून निसटला, ७-७. मग कोझ्मा, ७-९. सहा धावांची आघाडी पुसून निर्णायक सामना जिंकायचा प्रकार तोवर कुणी केला नव्हता.

सकाळी अप्पांनी चहा घेताना विचारलं, “कितीनं जिंकलो?”

आता हिशेब. पाच सामन्यांत त्यांच्या ३२ धावा, आमच्या १६. स्ट्रासबर्ग असता तर? तिसरा सामना त्यानंही जिंकून दिला नसता, कारण आम्ही शून्यावर होतो. दुसऱ्यातही फक्त चारच धावा केल्या. राहिला पाचवा. तिथं लोक म्हणतात की तो असता तर बुलपेनवर वेळच आली नसती. पण वही उघडून बघा. २८ सामन्यांत १५९ इनिंग, म्हणजे सामन्याला पावणेसहा. तोही सहाव्या इनिंगनंतर बाहेरच बसला असता, आणि नववी इनिंग स्टोरेननंच टाकली असती. फरक एवढाच की गोन्झालेझ, जॉर्डन आणि जॅक्सन एक-एक पायरी खाली सरकले असते, आणि चार चांगल्या पिचरपैकी कोण नको याची चैन आम्हाला करता आली असती. ती चैन थोडीथोडकी नव्हे. पण नवव्या इनिंगमधले दोन वॉक त्याच्या नावावर लावणं म्हणजे लग्नात वरण करपलं म्हणून न आलेल्या पाहुण्याला बोल लावणं.

पुढं काय झालं

२०१३ मध्ये आम्ही ८६ सामने जिंकलो आणि घरी बसलो. मी २०१२ मध्ये रिझोंच्या बाजूचा का होतो, याचं उत्तर मला तेव्हा सापडलं, आणि ते फार कौतुकाचं नव्हतं. वैद्यकीय कारणाचं मला काय कळत होतं? मी मनाशी धरलं होतं की एवढा तरुण संघ, आता दर ऑक्टोबरला आम्ही असणारच. एक ऑक्टोबर सोडला तर काय बिघडतं.

२०१४ मध्ये स्ट्रासबर्गनं २१५ इनिंग टाकल्या, २४२ स्ट्राइक आउट. संघ पुन्हा पहिल्याच फेरीत बाहेर. २०१६ मध्ये कोपर पुन्हा कुरकुरलं आणि त्याचे प्लेऑफ हुकले. शेजारची ती खुर्ची त्याआधीच, २०१५ च्या मोसमात, दुसऱ्या कुणाची झाली होती. गृहस्थांचं काय झालं ते विचारायला माझ्याकडं त्यांचा फोन नंबर नव्हता.

मग २०१९. साखळीत २०९ इनिंग, प्लेऑफमध्ये ३६, पाच विजय, एकही पराभव नाही. ह्यूस्टनविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात, हरलो तर संपलं अशा रात्री, त्यानं आठ इनिंग आणि वर एक आउट एवढं एकट्यानं टाकलं. दुसऱ्या दिवशी संघ विजेता आणि मालिकेचा मानकरी स्ट्रासबर्ग. ते पान मी शेवटच्या रकान्यापर्यंत भरलंय.

बरेच जण इथं थांबतात आणि म्हणतात, बघा, २०१२ चा निर्णय बरोबर ठरला. मी नाही म्हणत. त्या डिसेंबरमध्ये त्याला सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला, आणि त्यानंतर तो एकूण आठ सामने खेळला. आधी मनगट, मग मानेखालच्या शिरांचं ऑपरेशन, आणि २०२४ मध्ये निवृत्ती. मग २०१२ मध्ये वाचवलेल्या इनिंग गेल्या कुठं?

इतरांचे हातही काही सांगत नाहीत. मेडलेनला २०१४ मध्ये तेच ऑपरेशन पुन्हा करावं लागलं. मेट्सच्या मॅट हार्वीनं २०१५ मध्ये मर्यादा झुगारून प्लेऑफ धरून २१६ इनिंग टाकल्या, संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये नेलं, आणि पुढच्याच वर्षी त्याचंही शिरांचं ऑपरेशन झालं. उलट वेनराइटनं २०१३ मध्ये २४१ इनिंग टाकल्या, लीगमध्ये सर्वांत जास्त. चार कोपरं, चार तऱ्हा.

वेगळं काय करता आलं असतं

मर्यादा घालणं चुकीचं नव्हतं. चुकला तो मोजणीचा पहिला दिवस. इनिंग हे धान्य आहे असं धरलं, तर नॅशनल्सनी कोठारातलं धान्य एप्रिलपासून रोज सारख्याच मापानं काढलं आणि सणाच्या आधी कोठार रिकामं झालं. माप बरोबर होतं, पंचांग बघितलं नव्हतं.

माझा हिशेब असा आहे. पूर्ण मोसमात त्याच्या वाट्याला ३३ पाळ्या. त्यानं २८ टाकल्या, म्हणजे पाच तशाही दुसऱ्यांच्या वाट्याला गेल्या. ऑक्टोबरसाठी पाच पाळ्या राखायच्या, तर साखळीत २३ टाकायच्या. म्हणजे जास्तीच्या फक्त पाच पाळ्या दुसऱ्याला द्यायच्या होत्या. एप्रिल महिना त्याला फ्लोरिडात, सराव छावणीत ठेवला असता तर एवढ्यावर भागलं असतं. त्यासाठी फेब्रुवारीत कुणीतरी बैठकीत म्हणायला हवं होतं, “आणि समजा आपण जिंकायला लागलो तर?” ८० विजयांच्या संघात असा प्रश्न विचारणारा वेडा ठरतो. पण प्रश्नाला खर्च काहीच नव्हता.

दुसरं, निर्णय फिरवायची एक जागा ठेवायला हवी होती. जूनच्या अखेरीस, समजा. तेव्हा संघ वर होता, बऱ्याच इनिंग शिल्लक होत्या. सप्टेंबरमध्ये पर्यायच उरले नव्हते, थांबवणं किंवा न थांबवणं एवढंच. आकडा उघड सांगितला असता तर पोरावरचा रोजचा मारा तरी कमी झाला असता, हे आधी म्हटलंच.

२०२५ च्या इंग्लंड दौऱ्याआधी बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळेल असं जाहीर झालं, तेव्हा अप्पांचा फोन आला. “तुमच्या त्या पोरासारखंच की.” मी म्हटलं, नाही अप्पा, यात फरक आहे. तीन हा आकडा पक्का, पण कोणत्या तीन हे मोकळं ठेवलंय. नॅशनल्सनी असंच करायला हवं होतं. मग मी त्यांना माझ्या पाच पाळ्यांचा हिशेब पुन्हा एकदा ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. पुढं बुमरा नव्हता त्या दोन्ही कसोटी भारतानं जिंकल्या, तेव्हा त्यांनी पुन्हा फोन केला.

“तुझा हिशेब मी आठवत होतो,” म्हणाले. “एप्रिलात पाच मॅच दुसऱ्यानं टाकायच्या. बरं. पण तुम्ही अटलांटाच्या किती पुढं होता शेवटी?”

“चार मॅच.”

“मग त्या पाचांतल्या चार हरला असता तर?”

हा प्रश्न बरोबर आहे. गट हुकला असता तर एका सामन्याच्या बाद फेरीत जावं लागलं असतं. त्या वर्षी अटलांटानं तो सामना सेंट लुइसविरुद्धच खेळला, मेडलेनला उभं करून, आणि हरले. लॅनन चार हरला नसता असं मला वाटतं. अप्पांना मी तेवढंच सांगितलं.

“वाटतं ना?” अप्पा म्हणाले. “त्या मॅनेजरलाही वाटतच असंल.” आणि आईनं हाक मारली म्हणून फोन ठेवला.